भारोभार गूळ

आमच्या घराण्यात आजवर कुणी जाड झालेलं नाही. माझे एक काका शंभर किलोंच्या घरात होते, पण ते 'भरदार' होते. आत्या 'अंगानं बऱ्या' होत्या. मामेबहिणीची 'हाडं मोठी' होती, आणि ती हाडं दर दिवाळीनंतर आणखी मोठी व्हायची. वजन वाढलं की 'तब्येत झाली' म्हणायचं, घटलं की 'तब्येत उतरली'. म्हणजे आमच्याकडे माणसाची तब्येत डॉक्टर सांगत नसे, ब्लाउजची शिवण सांगायची.

मी रायपूरच्या चौबे कॉलोनीत राहते. आजोबा रेल्वेच्या नोकरीमागे अकोल्याकडून इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. सकाळी आम्ही चार जणी स्कूटरवरून बूढ़ातालाबापाशी फिरायला जातो. घरापासून चालत गेलं तर फार चालणं होतं, असं आमचं म्हणणं आहे. तिथे वजनाबद्दल जितकं बोलणं होतं तितकं चालणं झालं असतं, तर आज हे लिहायची वेळ आली नसती. एक जण म्हणते, मी मुळात बारीकच, हे सगळं थायरॉइडचं आहे. दुसरीचं 'बाळंतपणाचं' आहे. ते बाळ यंदा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला गेलं. तिसरीच्या अंगात पाणी धरतं. आमच्या घरी नवऱ्याला विचारा, तो पोट वाढलं असं कधीच म्हणणार नाही, ऑफिसची खुर्ची खराब आहे म्हणेल. आणि बूढ़ापाऱ्यातला माझा शिंपी तर देवमाणूस. मापाचा आकडा तो तोंडानं उच्चारत नाही, गुपचूप वहीत लिहितो आणि म्हणतो, दीदी, हा कपडा धुतल्यावर आटतो, थोडा सैल ठेवतो. गेली वीस वर्षं तो माझ्यासाठी कापडावर आळ घेतो आहे.

खरं बोलणारी एकच, आमची भाजीवाली. एकदा टोपली उतरवताना तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तोंडभरून हसत म्हणाली, "बने मोटा गे हस दीदी." छान जाड झालीस की. तिच्या लेखी ती शाबासकी होती. मी त्या दिवशी तिच्याकडून कोथिंबीर घेतली नाही.

पण या सगळ्यांना हसायचा मला काडीचा हक्क नाही, कारण या खेळातली पट्टीची खेळाडू मीच. कुणी विचारलं तर मी 'सत्तरच्या आत' असायचे. किती आत, किंवा किती बाहेर, ते कधी सांगायचे नाही. लग्नकार्यात वाढपी आला की मी 'अर्धा' म्हणायचे. अर्धा लाडू, अर्धी पुरी. असे दोन अर्धे खाल्ले तरी मनाला समाधान असायचं की आपण अख्खा काही घेतला नाही. हे सगळं निरुपद्रवी आहे असं मी धरून चालले होते. आपल्याच वजनाबद्दल आपण दोन शब्द इकडेतिकडे केले तर कुणाचं काय जातं? माझ्या आईचं गेलं. दोन वर्षं तिच्या तोंडचं गोड गेलं, आणि ते माझ्या शब्दामुळे गेलं.

झालं असं. मला आधी टायफॉइड झाला आणि त्यातून उठते न उठते तो कावीळ. अडीच महिने अंथरुणात गेले, त्यातले बरेच दवाखान्यात. माझं जे अंग मी 'सत्तरच्या आत' म्हणून मिरवत होते ते खरं तर एकोणऐंशी किलोंचं होतं, आणि ते भराभर गळत गेलं. एक दिवस नर्सनं मला धरून काट्यावर उभं केलं आणि कागदावर लिहिलं, त्रेसष्ट.

आता खरं सांगते. तोंडाला चव नाही, डोळे हळदीसारखे, दोन पावलं टाकली की घेरी, अशा अवस्थेत तो आकडा ऐकून मला आनंद झाला. लग्नानंतर मी कधी त्रेसष्ट नव्हते. मी नर्सला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. उशाशी बसलेल्या आईनंही ते ऐकलं, आणि तिनं तोंडाला पदर लावला.

आई राहते ब्राह्मणपाऱ्यात, माझ्या भावाकडे. वय अठ्ठ्याहत्तर, बांधा काटकुळा, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणते, पाहण्यासारखं सगळं पाहून झालं. त्या दिवशी दवाखान्यातून ती तडक घराजवळच्या देवीच्या देवळात गेली आणि नवस बोलली. पोरगी पहिल्यासारखी अंगानं भरली की तिच्या भारोभार गूळ तोलीन. तोलायचं म्हणजे देवळात सगळ्यांसमोर. सभामंडपाच्या तुळईला मोठा तराजू टांगतात, एका पारड्यात माणूस बसतो, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या, म्हणजे ढेपी. पारडी समान झाली की नवस फिटला. मग तो गूळ पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, घरोघरी वाटायचा. आणि ज्याच्या हातावर खडा पडतो तो पहिला प्रश्न विचारतो, कितने किलो का हुआ?

हे आईनं मला सांगितलं तेव्हा मी अंथरुणात होते आणि मनात म्हटलं, त्रेसष्ट किलोंवर तोलायचं असेल तर आत्ता चला. पण आईला मी भरलेली हवी होते.

मी बरी झाले. भूक परत आली, आणि एकटी आली नाही. वहिनी डबे पाठवी, नवरा कचोऱ्या आणी, मुलगी हॉस्टेलवरून आली की पिझ्झा मागवी. वर्षभरात गेलेलं सगळं परत आलं, वर थोडं व्याज घेऊन. पण आईचा दर पंधरा दिवसांनी फोन येई, वजन किती आलं? आणि माझ्या तोंडून निघे, चौसष्ट. कधी पासष्ट. एकदा चुकून त्रेसष्टच. एक तर तो आकडा मला आवडला होता, आयुष्यात एकदाच खराखुरा मिळाला होता, सोडवत नव्हता. आणि दुसरं म्हणजे खरं सांगितलं की तराजू आला, ब्राह्मणपारा आला, आणि 'कितने किलो का हुआ' आलं.

तुम्ही म्हणाल, आईला दिसत नव्हतं का? दिसत होतं, धूसर का होईना. दारातून मी आत येताना उजेड अडतो एवढं तर तिला नक्कीच कळत होतं. पण तिचा माझ्या शब्दावर विश्वास होता, डोळ्यांवर नव्हता. तिनं आपल्या परीनं हिशोब जुळवला. पोरगी अंगानं मोठी दिसते, वजन तर वाढलं नाही म्हणते, म्हणजे ही सूज आहे.

झालं. गोखरूचा काढा सुरू झाला. शनिवारी मी भेटायला गेले की पेला तयार असायचा. कडू, पिवळट, तळाशी गाळ. मी नाक दाबून प्यायचे. पोटभर जेवून आलेली, धडधाकट, पन्नाशीची बाई निव्वळ एक आकडा सांगायला नको म्हणून सुजेचं औषध पिते, हे वेडेपण मला तेव्हा वेडेपण वाटलंच नाही. वर मी ते सहन करते म्हणून स्वतःला थोडी चांगलीही समजत होते.

असं जवळपास दोन वर्षं चाललं. मग एका शनिवारी वहिनीनं चहा आणला आणि चुकून आईचा कप माझ्या हातात आला. एक घोट घेतला तो बिनसाखरेचा. आईला साखर झाली की काय म्हणून मी घाबरून विचारलं. आई देवघरात होती. वहिनीनं ओट्याशी नेऊन हळूच सांगितलं, आईला साखरबिखर काही नाही. नवस बोलली त्या दिवसापासून तिनं गोड सोडलं आहे. तुमचं वजन भरून येईपर्यंत गूळ नाही, साखर नाही, संक्रांतीचा तिळगूळही हातावर घेऊन कपाळाला लावून परत ठेवते. तुम्हाला सांगायचं नाही अशी ताकीद आहे.

माझी आई म्हणजे गुळाच्या चहाशिवाय जिचा दिवस उजाडत नाही अशी बाई. वडील गेले त्या वर्षी तिनं कुंकू सोडलं, रंगीत लुगडी सोडली, पण तेराव्यानंतर गुळाचा चहा मागून घेतला आणि म्हणाली, हा तं माझा स्वतःचा आहे. तो तिनं माझ्यासाठी सोडला होता, आणि मी दर पंधरा दिवसांनी फोनवर 'चौसष्ट' म्हणून तिचा नेम आणखी पंधरा दिवस लांबवत होते. मला माझी मनस्वी लाज वाटली. वजनाची नाही, ती जुनीच होती. ही वेगळी होती.

मी देवघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसले. आईनं वळून पाहिलं आणि सांगितलं की सुजेचं आता नागपूरला दाखवायचं, किडनीचा एक मोठा डॉक्टर आहे, भावाला तिनं तिकिटं काढायला लावली आहेत. म्हणजे प्रकरण आणखी पुढे गेलं होतं.

मी म्हटलं, आई, नागपूर नको, माझी तब्येत चांगली झाली आहे. ती म्हणाली, सुजेत तशीच वाटते. मी म्हटलं, अंगानं भरले आहे मी. ती म्हणाली, तेच तं म्हणून राहिली मी, पाणी भरलं. मी म्हटलं, अगं, कपडे तंग होतात. सुजेत होतातच, ती म्हणाली. माझ्याकडचे सगळे मऊ शब्द एकेक करून संपले. जन्मभर त्यांच्या आड लपले होते आणि आज बाहेर यायचं म्हटलं तर त्यातला एकही वाट देईना.

"आई, मी चौऱ्याऐंशी किलोची आहे," मी म्हणाले.

देवीपुढची वात तिनं पुढे सारली. मग म्हणाली, "परत सांग."

मी परत सांगितलं. ती सरकत जवळ आली, माझा दंड हातात घेतला आणि भाजीबाजारात वांगं दाबून पाहावं तसा दाबून पाहिला. मग खांदा. मग गाल.

"मंग हे सारं तूच आहे?"

"सारी मीच," मी म्हटलं, आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं. तीही हसली. तिचे दोन-तीनच दात उरले आहेत, ते सगळे दिसले. मग एकदम तिचा हात थांबला.

"दोन वर्सं तू मले काहून फसवून राहिली होती?"

मी सांगितलं. लोक हसतील म्हणून, देवळात सगळ्यांसमोर बसायचं म्हणून. मोठ्यानं बोलल्यावर ते कारण फारच किरकोळ वाटलं. आई म्हणाली, "दवाखान्यात तुले उचलून बसवलं तं हातात काहीच नोतं. मी देवीले तुह्यं वजनच मागत होती बाई. अन् तिनं दिलं, तं तू लपवून ठेवलं."

मी उठून उरलेला काढा मोरीत ओतला.

मंगळवार ठरला. भावानं कवर्ध्याकडचा गूळ मागवला, दहा-दहा किलोंच्या आठ भेल्या आणि एकेक किलोच्या चार. मुलगी हॉस्टेलवरून आली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीच. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "मम्मी, एक नंबर ही तो है, रोल नंबर समझ लो." रिकाम्या पोटी जावं की नाही यावर मी रात्रभर विचार केला होता हे मी तिला सांगितलं नाही. गेले रिकाम्या पोटीच. बांगड्याही दोनच घातल्या.

देवळात माणसं जमली होती. पाऱ्यातल्या बायका, दर्शनाला आलेले, बूढ़ातालाबाच्या माझ्या तिघी मैत्रिणी, ज्यांना मी बोलावलं नव्हतं. पुजाऱ्यांनी पारड्यातल्या पाटावर मला बसवलं. पारडं माझ्यासकट जमिनीला टेकलं. समोर भाऊ भेल्या ठेवू लागला. एक, दोन, तीन. सातव्या भेलीपर्यंत माझं पारडं हललंसुद्धा नाही. आठवीला जरा कुरकुरलं. मग एकेक किलोच्या चार ठेवल्या. साखळ्या ताणल्या गेल्या, गुळाचं पारडं जरासं खाली आलं आणि तिथेच थांबलं. माझं जमिनीवर टेकलेलंच राहिलं.

मला लगेच कळलं काय झालं ते. कबुली देतानाही मी दोन-तीन किलो कापले होते. मुद्दाम नाही हो. आकडा तोंडातून बाहेर पडताना आपोआप घासूनपुसून बाहेर पडला, इतकी वर्षांची सवय. आईच्या शेजारी, देवीसमोर बसून मी खोटं बोलले होते आणि मलाच पत्ता नव्हता.

पुजारी भला माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गुळाकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बराबर ही समझिए माताजी, देवी भाव देखती है।" भावानं मान डोलावली. बायकांनी हात जोडले. सगळे मला वाचवायला तयार होते. आई खांबाशी खुर्चीवर बसली होती. तिला तिथून पारडी दिसत नव्हती.

"बरोबर झालं का व?" तिनं विचारलं. पुजाऱ्यांना नाही, मला विचारलं.

हो म्हटलं असतं तर संपलं होतं. तिनं मान्य केलं असतं, घरी जाऊन गुळाचा चहा प्यायली असती, आणि कुणीही तिला कधी सांगितलं नसतं. पण दोन वर्षं तिनं गोड सोडलं होतं ते माझ्या तोंडच्या शब्दावर. निदान तो नेम सुटावा तरी खऱ्या शब्दावर.

"नाही झालं," मी म्हटलं, जरा जास्तच मोठ्यानं. "मी कमी सांगितलं होतं. अजून गूळ लागेल."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. त्याच्या मागोमाग सगळेच हसले. माझ्या तिघी मैत्रिणी तर खांबाला धरून हसल्या. गंमत म्हणजे मला वाईट वाटलं नाही. ज्या हसण्याला मी दोन वर्षं भीत होते ते हे एवढंच होतं. मुलगी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाकडे पळाली. जाता जाता तिनं किती आणू विचारलं, आणि मी पारड्यातून ओरडले, एकेक किलोच्या तीन आण, उरला तर उरू दे.

पहिली ठेवली. दुसरी ठेवली. तिसरी ठेवताना साखळी किरकिरली आणि माझे पाय जमिनीवरून सुटले. मी पारड्यात लोंबकळत होते, समोर सत्त्याऐंशी किलो गूळ लोंबकळत होता, आणि काटा मधोमध उभा. लहानपणी झोपाळ्यावर बसल्यानंतर मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

"झालं, आई," मी म्हटलं. "सत्त्याऐंशी."

थायरॉइडवाली मैत्रीण शेजारणीला हळूच म्हणाली की तिचेही एक्क्याण्णव आहेत. म्हणाली हळूच, पण मंडपात घुमतं.

वहिनीनं आईला हाताला धरून पारड्यापाशी आणलं. आईनं चाचपत एका भेलीची कड मोडली, देवीकडे तोंड करून कपाळाला लावली आणि तोंडात टाकली. दात फारसे नाहीत म्हणून ती गूळ चघळत बसते, घाई करत नाही. तिनं डोळे मिटले होते. गालाच्या सुरकुत्या हळूहळू हलत होत्या. सगळे थांबले होते आणि मला कुणी उतर म्हटलं नव्हतं, म्हणून मी तशीच अधांतरी बसून तिचं खाणं पाहत राहिले. दोन वर्षांत मी इतकं सुख पाहिलं नव्हतं.

मग तिनं डोळे उघडले, भेलीचा मोठा ओबडधोबड तुकडा तोडला आणि माझ्यापुढे धरला. माझ्या तोंडात सवयीनं 'अर्धा' आलंच होतं.

मी तो अख्खा घेतला.